पाठीवरची पाटी: स्कूबासाठी बॅकप्लेट आणि हार्नेस निवडताना



आपल्या मंडळात पाण्याखाली जाणाऱ्यांची संख्या हल्ली चांगलीच वाढली आहे. कुणी सुट्टीत मालवण-तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून पहिली डुबकी मारून आलंय, तर कुणी इथे फुजैराला रीतसर कोर्स केलाय. कोर्स झाला की भाड्याच्या जॅकेटचा कंटाळा येतो आणि मग मला फोन येतात, "अरे, तुझ्यासारखी ती पाटी घ्यायची आहे, कुठली घेऊ?" गणपतीत तर एका काकूंनी प्रसादाच्या रांगेतच गाठलं. त्यांच्या चौदा वर्षांच्या लेकीला पाटी हवी होती आणि दुकानदाराचं म्हणणं होतं की स्टीलची घ्या, जन्मभर टिकेल.

टिकेल हे खरंच आहे. स्टीलचं पातेलंसुद्धा जन्मभर टिकतं. पण प्रश्न टिकण्याचा नाही. पाठीवर टँक कुठला, अंगात सूट कुठला आणि पाणी गोडं की खारं, या तीन गोष्टी कळल्याशिवाय 'स्टील की अ‍ॅल्युमिनियम' याला उत्तरच नाही. आणि उत्तर चुकलं तर पैसे वाया जाणं ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण असते.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या जॅकेटमध्ये हवेची पिशवी, पट्टे आणि टँकची पाठ हे सगळं एकत्र शिवलेलं असतं. इथे ते तीन भाग वेगळे केलेले असतात. पाठीला धातूची एक वाकवलेली पाटी, म्हणजे बॅकप्लेट. तिच्यातून ओवलेला दोन इंच रुंदीचा सलग पट्टा, म्हणजे हार्नेस. आणि पाटी व टँक यांच्या मध्ये हवेची पिशवी, जिला विंग म्हणतात. ही पद्धत फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या मंडळींनी घडवली. या साध्या हार्नेसला अजूनही 'होगार्थियन' म्हणतात, ते त्यांच्यातल्याच बिल होगार्थ मेन यांच्या नावावरून. गुहेत काही अडकलं की सरळ वर येता येत नाही. त्यामुळे जे लागत नाही ते अंगावर ठेवायचंच नाही, असा त्यांचा खाक्या होता.

टँक बदलला तरी पाटी तीच चालते, ही यातली खरी गंमत. पाटीच्या मधल्या खोबणीत वर-खाली दोन भोकं असतात आणि त्यांच्यातलं अंतर ११ इंच, म्हणजे २८० मिलिमीटर ठरलेलं आहे. बहुतेक कंपन्या ते पाळतात. जोडटँकच्या कड्यांना याच अंतरावर बोल्ट असतात. ते विंगमधून आणि पाटीतून आरपार घालायचे आणि मागून नट आवळायचे, काम झालं. एकच टँक असेल तर त्याच भोकांत एक छोटा अ‍ॅडॅप्टर बसवतात आणि त्यातून टँकचे दोन पट्टे काढतात. काही पाट्यांना किंवा विंगना पट्ट्यांसाठी थेट खाचाच असतात. तिथे अ‍ॅडॅप्टर वाचतो आणि टँकही पाठीला जास्त चिकटून बसतो. मला स्वतःला खाचावालीच पसंत आहे, कारण तेवढाच एक जोड कमी.

विंग मात्र दोन्हीकडे एकच चालवू नका. जोडटँकची रुंद विंग एका टँकवर लावली तर ती दोन्ही बाजूंनी टँकभोवती पुरणपोळीसारखी दुमडते आणि हवा आत अडकून बसते. एका टँकला साधारण १२ ते १८ किलो उचलणारी अरुंद विंग, जोडटँकला १८ ते २७ किलोची रुंद. इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता वजनाकडे येऊ. नववीतला आर्किमिडीज आठवा. नेहमीच्या मापाची, तीन मिलिमीटर जाडीची स्टीलची पाटी हवेत साधारण २.७ किलो भरते आणि त्याच आकाराची अ‍ॅल्युमिनियमची साधारण ०.९ किलो. आकार एकच, म्हणून दोघी पाणीही सारखंच बाजूला सारतात, सुमारे एक तृतीयांश लिटर. म्हणजे समुद्रात स्टीलची पाटी २.३-२.४ किलोने खाली ओढते, तर अ‍ॅल्युमिनियमची अर्ध्या किलोच्या जरा वर. फरक जवळजवळ दोन किलोंचा. कमरेच्या पट्ट्यावरचं दोन किलो शिसं पाठीवर गेलं असं समजा. पाठीवर ते शोभतंही, कारण माणूस छातीपाशी तरंगतो आणि पाय बुडतात. पाटीचं वजन नेमकं फुप्फुसांच्या मागे बसतं आणि शरीर आडवं राहायला मदत होते.

पण पट्ट्यावरचं शिसं अडचणीच्या वेळी सोडून देता येतं, पाटी नाही. हे विसरायचं नाही.

आता टँक. आपल्याकडे फुजैरा, दिब्बा, खोरफक्कानला बोटीवर जो मिळतो तो बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा ८० घनफुटी, म्हणजे ११.१ लिटरचा. भरलेला असताना तो पाण्यात पाऊण किलोच्या आसपास बुडतो आणि रिकामा होत आला की जवळजवळ दोन किलोने तरंगायला लागतो. हा जादूचा खेळ नाही, हवेलाही वजन असतं! २०७ बारला भरलेल्या या टँकमध्ये अडीच किलोंहून जास्त हवा असते आणि तीच आपण श्वासावाटे खर्च करतो. स्टीलचा १२ लिटरचा टँक रिकामा झाला तरी साधारण किलोभर बुडतच राहतो आणि भरलेला असताना त्याहून तीन-सव्वातीन किलो जास्त. म्हणजे दोन्ही टँक दिसायला चुलतभाऊ, पण डुबकीच्या शेवटी एक वर ओढणारा आणि दुसरा खाली ओढणारा.

प्रत्यक्ष हिशोब करू. आकडे ठोकळ आहेत, सूट आणि शरीर याप्रमाणे किलोभर इकडेतिकडे होईल.

पहिली जोडणी आपली नेहमीची: फुजैरा, ऑक्टोबर, ३ मिलिमीटरचा वेटसूट आणि एक अ‍ॅल्युमिनियम टँक. हिशोब नेहमी डुबकीच्या शेवटाचा करायचा, कारण तेव्हाच आपण सगळ्यात हलके असतो आणि तेव्हाच पाच मीटरवर तीन मिनिटं स्थिर थांबायचं असतं. रिकामा टँक वर ओढणार दोन किलो, सूट दोन, शरीर एक. रेग्युलेटर खाली ओढणार एक. उरले चार किलो वर. स्टीलची पाटी लावली तर शिसं लागेल दीड किलोच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची लावली तर साडेतीन. उलट टोक तपासू: डुबकीच्या सुरुवातीला तीस मीटरवर पोहोचलो तर हवेचे अडीच किलो अंगावर आहेत आणि सूट दाबला गेल्याने त्याचा दीडेक किलोचा आधार गेलेला आहे. म्हणजे चार किलो जड. विंग फाटली तरी फिन मारत वर येता येतं. शिवाय सोडायला दीड किलो शिसं आहेच. एका अ‍ॅल्युमिनियम टँकला स्टीलची पाटी ही जोडी त्यामुळे छान जमते. थंडीत पाणी बावीस-तेवीस अंशांवर येतं, आपण ५ मिलिमीटरचा सूट चढवतो, तेव्हा तर आणखीच.

दुसरी जोडणी पाहा. तोच पातळ वेटसूट आणि पाठीवर दोन स्टीलचे बारा-बारा लिटरचे टँक. रिकामे टँक दोन किलो खाली, जोडनळी आणि कडी दीड, दोन रेग्युलेटर दीड, स्टीलची पाटी साधारण अडीच. झाले साडेसात. सूट आणि शरीर वर ओढणार फक्त तीन. म्हणजे टँक रिकामे झाल्यावरही आपण साडेचार किलो जड, आणि सुरुवातीला तळाशी हवेचे सव्वासहा-साडेसहा किलो आणि दबलेला सूट धरून बारा किलोंच्या पुढे! यातलं एक ग्रॅमसुद्धा सोडून देता येत नाही. विंगचा व्हॉल्व्ह निखळला तर बारा किलो घेऊन पायांच्या जोरावर तीस मीटर वर येणं हे अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमण्यासारखं नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना एका दुकानाने नेमकं हेच सामान एकगठ्ठा दिलं होतं, का तर 'टेक्निकल डायव्हिंगला हेच लागतं' म्हणून. पाटी अ‍ॅल्युमिनियमची केली तरी दहा किलो उरतात. तेव्हा इथे बदलायचे ते टँक. दोन अ‍ॅल्युमिनियमचे ८० घनफुटी लावले की तोच हिशोब स्टीलच्या पाटीसकट डुबकीच्या शेवटी दीड किलो शिसं मागतो आणि तळाशी सुमारे सात किलो जड पडतो. घाम फुटेल, पण दीड किलो सोडून वर येता येईल.

मग स्टीलची जोडी वापरतं कोण? इंग्लंडमध्ये जवळजवळ सगळे! मी प्रोजेक्टसाठी लेस्टरजवळ होतो तेव्हा शनिवार-रविवार स्टोनी कोव्हला जात असे. जुनी दगडाची खाण, पाण्याने भरलेली, पाणी गोडं आणि हिवाळ्यात पाच-सहा अंश. तिथे आत जाड गरम कपडे आणि वर ड्रायसूट. हे प्रकरण दहा-अकरा किलोंनी वर ओढतं. त्याला तोलायला दोन स्टीलचे टँक आणि स्टीलची पाटी अगदी नेमकी पडते, वर किलो-दीड किलो शिसं. शिवाय विंग गेली तरी ड्रायसूटमध्ये हवा भरून वर येता येतं, म्हणजे राखीव विंगच ती. तीच जोडणी उचलून फुजैराला आणली की जीवघेणी.

गोड्या-खाऱ्या पाण्याचा फरकही थोडा नाही. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड, आणि आपल्या आखातातलं तर त्याहूनही खारट. माणूस सामानासकट शंभर-सव्वाशे लिटर जागा व्यापतो, म्हणजे खाणीतून समुद्रात आलं की अडीच-तीन किलो जास्त लागतात. इंग्लंडहून बदली होऊन आलेल्यांनी जुन्या वहीतला शिशाचा आकडा इथे वापरू नये.

हार्नेसबद्दल लोक फार विचार करत नाहीत. खरं तर पाटी चुकीची असेल ते एकवेळ शिशाने सावरता येतं, पण हार्नेस ढिला असेल तर टँक पाठीवर पालखीसारखा डोलत राहतो. पट्टा सलग आणि जरा कडक विणीचा घ्या, मऊ पट्टा ओला झाला की लोळतो. खांद्याच्या फटीत हाताचा पंजा आरामात सरकला पाहिजे आणि हात मागे नेऊन टँकचा व्हॉल्व्ह गाठता आला पाहिजे. घट्ट आवळला की रुबाब येतो, पण हात मागे जात नाही. छातीवरच्या दोन डी-रिंग गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, एक डावीकडे कमरेवर. बक्कल पोटाच्या मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवा, म्हणजे मधून येणाऱ्या पट्ट्याखाली ते दडपलं जात नाही. तो मधला पट्टा म्हणजे पायांमधून येणारा. आमचा ग्रुप त्याला लंगोटच म्हणतो आणि त्याचं कामही तसंच महत्त्वाचं! तो पाटी खाली धरून ठेवतो, नाहीतर पाण्यावर विंग फुगवली की पाटी मानेत चढते. घरी सूट घालून, आरशासमोर, घाई न करता हे सगळं जुळवा. घरचे हसतील, हसू द्या. जास्तीचा पट्टा लगेच कापू नका. पाच-सहा डुबक्यांनंतर कापा आणि टोक लायटरने भाजून घ्या. ड्रायसूट आणि वेटसूट दोन्ही वापरत असाल तर लांबी ड्रायसूटची ठेवा.

काकूंच्या लेकीचं उत्तर वेगळं. पंचेचाळीस किलोची मुलगी, पाठीवर भरलेला ८० घनफुटी टँक, म्हणजे सतरा किलो. स्टीलची पाटी, विंग, रेग्युलेटर धरून बावीस-तेवीस. स्वतःच्या निम्मं वजन घेऊन डोलत्या बोटीवर उभं राहायचं! तिला अ‍ॅल्युमिनियमची लहान मापाची पाटी आणि मिळाला तर ६३ घनफुटी टँक. शिसं थोडं जास्त लागेल, एकूण बेरीज फारशी कमी होणार नाही, हे कबूल. पण ते शिसं सुटणाऱ्या पट्ट्यावर राहील आणि बोटीत चढण्याआधी वर देता येईल. पाटी लहान मापाची का, तर मोठी पाटी बुटक्या पाठीवर कमरेच्या खाली टोचते.

विमानाने सामान नेणाऱ्यांनाही अ‍ॅल्युमिनियमच सोयीची, तेवीस किलोंच्या मर्यादेत दोन किलो म्हणजे बरंच काही. ज्यांना टँक पाठीवर न घेता दोन्ही कुशींत लटकवायचे आहेत, त्या साइडमाउंटवाल्यांना यातली पाटी बहुधा लागतच नाही. त्यांचा हार्नेस वेगळा.

कागदावर हिशोब जमला की पाण्यात पडताळा घ्या. डुबकीच्या शेवटी, टँकमध्ये ५० बार असताना, पाच मीटरवर विंग पूर्ण रिकामी करा आणि शांत श्वास घेत थांबा. वर जायला लागलात तर किलोभर शिसं वाढवा, बुडायला लागलात तर कमी करा. नंतर सोबत्याला जवळ ठेवून, आठ-दहा मीटरच्या वाळूच्या तळावर, टँक भरलेला असताना विंग रिकामी करून पायांच्या जोरावर दोन-तीन मीटर वर येऊन पाहा. दिब्बा रॉक किंवा स्नूपी आयलंडची उथळ बाजू यासाठी उत्तम आहे. मुसंदमच्या प्रवाहात हा प्रयोग नको. आलेला आकडा सूट, टँक आणि ठिकाण यांच्यासकट वहीत लिहून ठेवा.