भूकंपानंतरची मदत योग्य गावात कशी पोहोचते? ताडपत्रीच्या एका मेसेजची गोष्ट

आज एका अशा टेक्नॉलॉजीबद्दल बोलूया, जी आपल्याला रोज लागत नाही. पण लागते तेव्हा एक तासही वाया घालवून चालत नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. मी तेव्हा सातवीत होतो, नगर तालुक्यातल्या एका गावात. आमच्या गावानं दोन दिवसांत ट्रक भरला: भाकरी, चटणी, जुने कपडे. वडील ट्रकबरोबर गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्या भाकरी विटल्या होत्या. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडलेत. लोक ताडपत्री मागत होते, ती कुणाकडंच नव्हती."

माल होता, माणसं होती, द्यायची इच्छाही होती. पण कुणाला काय, कुठं, किती आणि कधी हवंय, ही नोंद कुणाकडंच नव्हती.

"आपल्याकडं कुठं भूकंप होतोय?" असं वाटत असेल तर लक्षात घ्या: तेव्हाच्या भूकंप-नकाशात किल्लारीसुद्धा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होती.

एका मेसेजमधल्या चार चुका

समजा, उद्या आपल्या जिल्ह्यात असं काही झालं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "पिंपळगावला तातडीने ताडपत्री हवी. जास्तीत जास्त शेअर करा."

आता सांगा, कोणतं पिंपळगाव? एकट्या नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी, पिंपळगाव उज्जैनी, पिंपळगाव कौडा आणि पिंपळगाव लांडगा आहेत. ताडपत्री किती हव्यात? मेसेज कधीचा आहे? मागणारा कोण? यातलं काहीच कळत नाही. मग तीन टेम्पो एकाच गावात जातात आणि दुसऱ्या गावात एकही नाही. वर गरज भागल्यावरही तो मेसेज आठवडाभर फिरत राहतो.

सिस्टिम नेमकं काय करते?

१. गावाला नाव नाही, नंबर. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीमध्ये प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. नाव सारखं असलं तरी कोड वेगळा. त्यामुळे चार पिंपळगावांचा गोंधळ होत नाही.

२. नकाशा. आपल्याकडं निम्मं गाव वस्तीवर राहतं आणि बऱ्याच वस्त्या नकाशात नसतात. २०१० च्या हैतीच्या आणि २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाचे फोटो बघत ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते आणि घरं काढली. बचाव पथकांना तेच नकाशे उपयोगी पडले.

३. मागणी आणि पुरवठ्याची जोडी. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रॅमर मंडळींनी 'सहाना' नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवलं. हरवलेली माणसं, छावण्या, मदत करणाऱ्या संस्था आणि मागण्या, सगळ्यांची नोंद एका ठिकाणी. अशा सिस्टिममध्ये मागणीचा प्रवास कुरिअरच्या पार्सलसारखा दिसतो: नोंदली, कुणीतरी घेतली, निघाली, पोहोचली. पोहोचली की मागणी बंद.

४. कोण, काय, कुठं. संयुक्त राष्ट्रांची मदत समन्वय करणारी शाखा मोठ्या आपत्तीत असा तक्ता ठेवते. कोणती संस्था कोणत्या भागात काय करतेय, हे त्यात दिसतं. साध्या स्प्रेडशीटमध्येही हे जमतं. तक्त्यातला रिकामा रकाना म्हणजे तिथं अजून कुणी गेलेलं नाही.

नेटवर्कच नसेल तर?

मोठ्या भूकंपात टॉवर आणि वीज दोन्ही जाऊ शकतात. किल्लारीत आणि २००१ मध्ये भूजला हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले. अशा वेळी फॉर्म कागदावर छापलेला असला तरी चालतो. रकाने तेच आणि क्रमही तोच ठेवायचा. मग रेडिओवरून वाचून दाखवला तरी पलीकडचा माणूस न चुकता लिहून घेतो.

टेक्नॉलॉजी कुठं फसवते?

नकाशावर जिथून जास्त मेसेज येतात, तिथं जास्त नुकसान झालंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथं फोन चालू असतात, एवढंच खरं. ज्या गावातून काहीच आलं नाही, तिथं कदाचित सांगायलाच कुणी उरलेलं नसतं. किल्लारीचं नाव घरोघरी पोहोचलं. धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं होतं, ते नाव आज किती जणांना आठवतं? म्हणून गप्प असलेल्या गावात आधी माणूस पाठवायचा.

दुसरं म्हणजे, मागणी खरी आहे का, हे सरपंच, तलाठी किंवा ग्रामसेवकाकडून तपासून घ्यावं लागतं. जखमींची नावं आणि फोन नंबर मात्र ग्रुपवर टाकू नका, ते समन्वय करणाऱ्यांपाशीच राहू द्या.

आपण काय करायचं?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. माल भरण्याआधी तिथं विचारा. आणि मेसेज लिहायचाच असेल तर असा लिहा:

गाव, तालुका, वस्ती (शक्यतो लोकेशनसह) / काय हवं / किती / तारीख आणि वेळ / कुणी तपासलं / गरज भागली का?

फॉरवर्ड करण्याआधी तारीख बघा. गरज भागली असेल तर तसं ग्रुपवर लिहा, म्हणजे जुना मेसेज तिथंच थांबेल.

हा फॉर्म तयार केल्यावर मी वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "'काय नको' हा रकाना कुठंय?"

तो मी आता सगळ्यात वर टाकलाय.