होकार ज्याचा त्याने द्यावा



हैदराबादच्या नल्लकुंटा भागातले फिव्हर हॉस्पिटल आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते डास ज्याच्या अंगावर बसवले, तो हुसेन खान नावाचा हिवतापाचा रोगी होता. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. डॉक्टरचे नाव रुग्णालयाला लागले. रोग्याची आठवण थोड्यांनाच आहे. पण त्याच्यावाचून शोध लागला नसता.

मनाच्या आजारांचेही तसेच आहे. हे आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. म्हणून त्यांवरचे उपाय पारखायचे तर तरुण रोग्यांनाच विचारावे लागते. असा कागद घरी आला की बाप म्हणतो, "डॉक्टरसाहेब सांगतात, तर कर सही." आई म्हणते, "नको, गावात कळले तर सोयरीक जुळायची नाही." आणि ज्याला विचारायचे, तो पोर कोपऱ्यात गप्प बसलेला असतो.

संशोधन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नवे बियाणे आले की आपण सगळे रान त्याच्या हवाली करत नाही. एका तुकड्यात नवे, शेजारी जुने, खत-पाणी सारखेच, आणि खळ्यावर दोन्हींचे माप. डॉक्टरही असेच करतात. कोणता रोगी कोणत्या गटात जायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते.

असा एक प्रयोग आपल्या सातारा जिल्ह्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत झाला. २००९ व २०१० या दोन वर्षांत स्किझोफ्रेनियाचे २८२ रोगी त्यात घेतले. वय १६ ते ६० वर्षे. सर्वांना दवाखान्याचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यांपैकी १८७ जणांकडे प्रशिक्षित कार्यकर्ते भेटी देत, रोग्याला व घरच्यांना धीर देत आणि औषधांची आठवण करीत. वर्षभराने या गटाचा त्रास दुसऱ्या गटापेक्षा काहीसा अधिक कमी झालेला दिसला. फरक फार मोठा नव्हता. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो अधिक होता. २०१४ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉक्टरांची वाण असलेल्या खेड्यांना हे ज्ञान मोलाचे आहे, आणि ते या रोग्यांनी दिले.

मात्र शेत आणि माणूस यांत एक भेद आहे. वाफ्याला कुणी विचारत नाही. माणसाला विचारलेच पाहिजे. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप बारावे पायस यांनी मज्जासंस्थेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना हेच बजावले होते: रोगी जेवढा अधिकार देतो, त्यापलीकडे डॉक्टरला अधिकार नाही. प्रभू येशूनेही यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला आधी विचारले की तुला काय हवे, आणि मग दृष्टी दिली.

आपला कायदाही तेच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे संशोधनासाठी रोग्याची समजून-उमजून, मोकळ्या मनाने दिलेली संमती लागते, आणि ती केव्हाही मागे घेता येते. रोगी १८ वर्षांखालील असेल तर आईवडिलांची संमती लागते; पण जाणत्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

सही करण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवून हे विचारावे:

१. हा उपचार आहे की प्रयोग? नव्या औषधाचा आहे की नुसत्या प्रश्नोत्तरांचा?
२. चालू औषध बंद होणार का?
३. नाही म्हटले, तर नेहमीचे उपचार मिळत राहतील ना? (मिळालेच पाहिजेत.)
४. अपाय झाला तर खर्च कोण करील?
५. नाव गुप्त राहील का?
६. नीतिसमितीची मंजुरी आहे का?

कागद मराठीत मागावा, घरी आणावा, सावकाश वाचावा. समजले नाही तर पुन्हा विचारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. केवळ पैशासाठी होकार देऊ नये, आणि केवळ लाजेपायी नकारही देऊ नये. आम्हा धर्मगुरूंकडे जरूर यावे. कागद आम्ही समजावून देऊ. पण होकार-नकार आम्ही सांगणार नाही. तो त्या मुलाचा आहे.

आणि संशोधन असो वा नसो, घरात कुणी खचले असेल तर वाट पाहू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

आपल्या धर्मग्रामातले एखादे लेकरू उद्या विचारपूर्वक "हो" म्हणाले, तर त्यातून न पाहिलेल्या भावंडाची सेवा घडेल. "नाही" म्हणाले, तरी ते देवाचे तितकेच लाडके आहे.