पहिली जागा नसलेलं मेज

आर्थर राजाच्या दरबारात भांडण होतं ते बसण्याच्या जागेवरून. प्रत्येक सरदाराला वाटायचं की आपणच सरस, आणि दुसऱ्याला सरस म्हणायची कुणाचीच तयारी नव्हती. म्हणून राजाने एक गोल मेज करवून घेतलं. त्याभोवती सगळे सारखे बसले, सगळ्यांना सारखं वाढलं गेलं आणि 'मी तुझ्या वर बसलो' असं म्हणायला कुणालाही जागा राहिली नाही. वास नावाच्या नॉर्मन कवीने ११५५ साली ब्रिटनचा पद्यबद्ध इतिहास लिहिला, त्यात अगदी थोडक्यात हे आलं आहे. ब्रिटन लोक या मेजाच्या पुष्कळ गोष्टी सांगतात, एवढी पुस्तीही तो जोडतो. त्याच्या आधी, ११३८च्या सुमारास, मनमथच्या जेफ्रीने आर्थरची कहाणी लॅटिनमध्ये रचली होती. तीत तलवार आहे, लढाया आहेत, राजाचा अखेरचा घावही आहे. मेज मात्र नाही.

आर्थर नावाचा असा राजा खरोखर होऊन गेला, याचा ठोस पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. त्याचं राज्य काल्पनिक, राजधानी कॅमलॉटही काल्पनिक. पण त्या राज्यातलं सर्वोच्च वीरमंडळ, गोलमेजाचं मंडळ, इतकं खरं ठरलं की हाडामांसाच्या राजांनी त्याच्या नकला केल्या. डॉ. आंबेडकर १९३० साली ज्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तिच्या नावामागेही शेवटी हेच मेज उभं आहे.

वासनंतर सुमारे पन्नास वर्षांनी वूस्टरशायरमधल्या लायामन नावाच्या धर्मगुरूने हीच कथा इंग्रजीत सांगितली आणि त्या भांडणाचं खरं रूप दाखवलं. लंडनमध्ये नाताळची मेजवानी चालू आहे. राजपुत्र, सरदार, परदेशचे ओलीस असे सगळे एका दालनात आहेत. आधी पाव फेकले जातात, पाव संपल्यावर दारूने भरलेले चांदीचे वाडगे, मग मुठी. कुणीतरी मेजावरच्या सुऱ्या उचलतो आणि माणसं मरून पडतात. आर्थर चिलखत चढवलेले शंभर लोक घेऊन येतो आणि ज्याने सुरुवात केली त्याला फरफटत नेऊन दलदलीत टाकायला सांगतो. त्याच्या भाऊबंदांची डोकी उडवायची आणि घरच्या बायकांची नाकं कापायची, असा हुकूम सुटतो. पुढे कॉर्नवॉलमध्ये राजाला एक सुतार भेटतो. तो समुद्रापार हिंडून आलेला, लाकडाचं नाना प्रकारचं काम जाणणारा. तो म्हणतो, सोळाशे माणसं बसतील असं मेज मी करून देतो, आणि राजा जाईल तिथे ते बरोबर नेताही येईल. चार आठवड्यांत मेज तयार होतं.

लग्नात मानाचं पान चुकलं म्हणून पाटावरून उठून गेलेला सोयरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या सुताराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण मला इथे थांबावंसं वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. राजाची शिक्षा पडते ती एका माणसावर आणि त्याच्या सगळ्या गणगोतावर. सुताराचा उपाय प्रत्येकाला एकेकटा धरतो, त्याच्या घराण्यापासून सोडवून खुर्चीवर बसवतो. गोलमेजाची सगळी उमेद यात होती, आणि ते मोडलं तेही इथेच.

जागा किती, यावर कवींचं एकमत नाही. सर टॉमस मॅलरीच्या पंधराव्या शतकातल्या ग्रंथात हा आकडा १५० आहे. तिथे मेज सुतार करत नाही. ते आर्थरच्या वडिलांकडून लिओडिग्रन्स राजाकडे गेलेलं असतं आणि त्याची मुलगी ग्विनिव्हिअर आर्थरला दिली जाते तेव्हा तिच्याबरोबर शंभर वीरांसह परत येतं. उरलेल्या पन्नास जागांसाठी जादूगार मर्लिन देशभर माणसं शोधतो आणि त्याला लायक असे फक्त २८ सापडतात. माणशी दोन फूट धरले तरी दीडशे जणांच्या मेजाचा व्यास पंचाण्णव फुटांच्या आसपास जातो. इतकं मोठं मेज कुणी कधी केलं नाही.

जे केलं गेलं ते इंग्लंडमध्ये विंचेस्टरच्या किल्ल्यातल्या जुन्या दालनात भिंतीवर टांगलेलं आहे. ओकच्या १२१ तुकड्यांचं, साडेपाच मीटर व्यासाचं, सुमारे १२०० किलो वजनाचं. एके काळी त्याला बारा पाय होते. कित्येक पिढ्या लोक ते खुद्द आर्थरचं समजत आले. मॅलरीचा ग्रंथ १४८५ साली छापणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने तर प्रस्तावनेत आर्थर झाल्याचा पुरावा म्हणून याच मेजाकडे बोट दाखवलं. १९७६ साली ते भिंतीवरून उतरवून लाकडाची वलयं आणि किरणोत्सारी कार्बन यांची तपासणी झाली, तेव्हा ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं. बहुधा आर्थरचं वेड असलेल्या पहिल्या एडवर्डने १२९०च्या सुमारास एखाद्या उत्सवासाठी ते घडवून घेतलं असावं.

त्यावरचा रंग आठव्या हेन्रीच्या काळातला आहे. हिरव्या-पांढऱ्या पाकळ्या आळीपाळीने काढलेल्या आणि मध्ये ट्यूडर घराण्याचा गुलाब. कडेने २४ वीरांची नावं आहेत. पंचविसाव्या जागी स्वतः आर्थर सिंहासनावर, सर्वांत वर आणि एकटाच चित्ररूपात. म्हणजे ज्या मेजाला पहिली जागा असू नये, त्याला हेन्रीने ती रंगवून दिली. १५२२ साली सम्राट पाचवा चार्ल्स आला तेव्हा त्याला हे मेज मुद्दाम दाखवण्यात आलं. नावं मात्र वाचण्यासारखी आहेत. त्यांत डॅगोनेट आहे, राजाचा विदूषक, ज्याला पुढे वीरपद मिळालं. पॅलोमिडीझ आणि सेफर हे सारासेन भाऊ, म्हणजे अरबी मुलखातून आलेले, तेही आहेत. आर्थरच्या एका बाजूला गॅलहॅडचं नाव आहे, सर्वांत निष्पाप वीराचं, आणि दुसऱ्या बाजूला मॉर्ड्रेडचं, ज्याच्या हातून राजाला मरण आलं.

मंडळ म्हटलं की शपथ आली. गोलमेजाची शपथ मॅलरीने घातली ती आर्थरच्या लग्नानंतर लगेच, आणि तिच्या आधी काय घडतं ते वाचल्याशिवाय तिचा अर्थ कळत नाही. लग्नाच्या मेजवानीत एक पांढरं हरिण धावत येतं, त्याच्यामागे पांढरी कुत्री आणि काळ्या शिकारी कुत्र्यांचा मोठा कळप. गोंधळात एक स्त्री घोड्यावरून येते आणि एक परका वीर तिला उचलून घेऊन जातो. मर्लिन तिघांना कामं वाटून देतो. हरणामागे गवेन, कुत्रीमागे टोर, स्त्रीमागे पेलिनोर राजा. तिघेही काम पुरं करून येतात आणि तिघांच्याही हातांना रक्त लागलेलं असतं.

गवेनचं सर्वांत वाईट. हरिण एका किल्ल्यात शिरतं आणि मारलं जातं, तेव्हा किल्ल्याचा धनी संतापून गवेनची दोन कुत्री मारतो. गवेन त्याला पाडतो. तो हात जोडून अभय मागतो, गवेन देत नाही. तलवार उगारलेली असते तेवढ्यात त्या माणसाची स्त्री धावत येऊन त्याच्या अंगावर पडते आणि घाव तिच्या मानेवर बसतो. गवेनचा धाकटा भाऊ गॅहेरिस त्याच्याबरोबर स्वारीचा मदतनीस म्हणून गेलेला असतो. ज्याच्याजवळ दया नाही त्याला मान नाही, असं तो मोठ्या भावाला तोंडावर ऐकवतो. गवेन परततो तो त्या स्त्रीचं डोकं स्वतःच्या गळ्यात अडकवून आणि तिचं धड घोड्यावर आपल्यापुढे घालून. राणी आपल्या स्त्रियांचं न्यायासन बसवते. निवाडा होतो की जन्मभर त्याने स्त्रियांच्या बाजूने लढावं आणि अभय मागणाऱ्याला कधीही नाकारू नये. पेलिनोर तर वाटेत मदतीसाठी हाका मारणाऱ्या एका मुलीजवळ थांबलाच नाही, कारण त्याला आपली कामगिरी उरकायची होती. परत येताना त्याला तिचं प्रेत दिसलं. ती त्याचीच मुलगी होती.

यानंतर आर्थर सगळ्यांकडून शपथ घेतो, आणि दर वर्षी पेंटेकॉस्टच्या सणाला ती पुन्हा घ्यायची असते. खून आणि अत्याचार करणार नाही. द्रोह करणार नाही. अभय मागेल त्याला देईन, नाहीतर मान आणि राजाचा आश्रय दोन्ही गमावेन. स्त्रियांच्या आणि विधवांच्या मदतीला जाईन. स्त्रीवर बळजबरी केली तर शिक्षा मरणाची. अन्यायाच्या भांडणात, कितीही लाभ असला तरी, तलवार उपसणार नाही. यातली बहुतेक कलमं नुकत्याच घडलेल्या गुन्ह्यांकडे बोट दाखवतात. धर्मग्रंथातून उतरवून घेतलेल्या आदर्शांपेक्षा मला ही शपथ मोठी वाटते. आपल्याच माणसांनी काय केलं हे डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली गेली.

लिहिणाराही अशाच हातांचा होता. अभ्यासकांच्या मते हा मॅलरी म्हणजे वॉरिकशायरमधल्या न्यूबोल्ड रेव्हलचा जमीनदार. १४५०च्या दशकात त्याच्यावर दबा धरून हल्ला, मठाची लूट, गुरांची चोरी, खंडणी आणि बलात्कार असे आरोप ठेवले गेले. खटला निकालापर्यंत पोचलाच नाही, पण वर्षांमागून वर्षं तो तुरुंगात राहिला. चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, म्हणजे १४६९-७० मध्ये, ग्रंथ पुरा करताना तो आपल्या सुटकेसाठी वाचकाला प्रार्थना करायला सांगतो. आरोप किती खरे होते ते आता ठरवता येणार नाही. पण बळजबरीला मरण हे कलम अशा माणसाच्या लेखणीतून उतरलं, हे लक्षात ठेवून ते वाचायला हवं.

मेजावर एक जागा रिकामी ठेवलेली असायची. तिच्यावर अयोग्य माणूस बसला तर त्याचा नाश ठरलेला. रोबेर द बोरों या फ्रेंच कवीच्या कथेत ती ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातल्या ज्यूडासच्या रिकाम्या जागेची आठवण आहे. मॅलरीच्या ग्रंथात ख्रिस्ताच्या मरणानंतर ४५४ वर्षांनी त्या जागेवर अक्षरं उमटतात आणि आर्थरच्या सर्वांत पराक्रमी वीराचा, लान्सलॉटचा, मुलगा गॅलहॅड तिथे बसतो. मेज भरतं ते त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी मोडायलाही लागतं. ख्रिस्ताच्या त्या भोजनातल्या पवित्र पात्राच्या शोधाला निघायची शपथ पहिल्यांदा गवेन घेतो आणि पाठोपाठ सगळे घेतात. आर्थर रडतो. ही माणसं पुन्हा कधी एकत्र जमणार नाहीत, हे त्याला त्याच क्षणी कळलेलं असतं. पात्र तिघांना दिसतं आणि त्यांतला बोर्स तेवढा दरबारात परत येतो.

तरी मंडळ संपलं ते शोधामुळे नव्हे, ग्विनिव्हिअर आणि लान्सलॉटच्या प्रेमामुळेही नव्हे, असं माझं मत आहे. मूळ दुखणं लग्नाच्याच दिवशीचं. मर्लिन पेलिनोरचा हात धरून त्याला मानाने त्या धोक्याच्या जागेशेजारी बसवतो, तेव्हा गवेन भावाच्या कानात कुजबुजतो की आपल्या बापाला याने मारलं, याला मी मारणार. मेज गोल होतं, पण भाऊबंदकी तशीच होती. पुढे पेलिनोर मारला जातो. त्याचा मुलगा लॅमोरॅक गवेनच्या आईजवळ सापडतो, तेव्हा गॅहेरिस, तोच दयेचे चार शब्द सांगणारा, स्वतःच्या आईचं डोकं उडवतो. नंतर गवेन आणि त्याचे भाऊ मिळून लॅमोरॅकला घेरतात आणि मॉर्ड्रेड पाठीमागून घाव घालतो. भावांपैकी एकटा गॅरेथ या कटात नसतो.

हाच गॅरेथ एके काळी नाव लपवून राजाच्या स्वयंपाकघरात राबला होता आणि वीरपद त्याने मागून घेतलं ते लान्सलॉटच्या हातून. लान्सलॉटवरच्या प्रेमापायी राणीला जाळायला नेतात तेव्हा राजाज्ञा मोडवत नाही म्हणून तो जातो, पण हत्यार न घेता. लान्सलॉट राणीला सोडवायला गर्दीत घुसतो आणि न ओळखता त्याला ठार करतो. लान्सलॉटने आपले दोन मुलगे मारले तरी गवेन सूड घ्यायला उठला नव्हता. मी त्यांना बजावलं होतं, असं तो म्हणाला. गॅरेथसाठी मात्र उठला. आर्थर तेव्हा बोलून दाखवतो की राणी गेल्याचं दुःख त्याला तितकं नाही. राण्या मिळतील, अशी माणसं पुन्हा मिळायची नाहीत. शेवटी सॉल्सबरीच्या माळावर आर्थर आणि त्याच्यावर उलटलेला मॉर्ड्रेड यांच्यात तहाची बोलणी चालू असताना झुडपातून साप निघून एकाच्या पायाला डसतो. तो सापाला मारायला तलवार उपसतो, दोन्ही सैन्यांना पातं चमकलेलं दिसतं आणि लढाई जुंपते.

खऱ्या राजांना या शेवटाची पर्वा नव्हती. जानेवारी १३४४ मध्ये तिसऱ्या एडवर्डने विंझरला मोठा उत्सव करून तीनशे वीरांचं गोलमेज स्थापण्याची शपथ घेतली आणि दोनशे फूट व्यासाची गोल इमारत बांधायला काढली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, काम अर्धवट राहिलं. तिचा पाया २००६ साली उत्खननात सापडला. एडवर्डने चार वर्षांनी जे मंडळ प्रत्यक्षात काढलं ते ऑर्डर ऑफ द गार्टर. त्यात तीनशेऐवजी २६ जण होते, राजा आणि युवराज धरून. त्यांचे बारा-बाराचे दोन गट होते, एक राजाच्या बाजूचा, एक युवराजाच्या. ते मंडळ आजही आहे. विंझरमधल्याच सेंट जॉर्जच्या चॅपेलमध्ये त्याच्या सभासदांची आसनं समोरासमोर दोन रांगांत मांडलेली आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.