वई कापायची मशीन आणि खारी हवा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा वाडीतल्या पोफळी-माड तर गेलेच, शिवाय पडत्या झाडांखाली आमचा चिऱ्याचा गडगाही फुटला. तो पुन्हा बांधण्याइतके पैसे तेव्हा कोणाकडे होते? आम्ही मेंदीच्या काठ्या लावल्या, मध्ये मध्ये मोगली एरंड. तीन-चार वर्षांत वई डोक्याच्या वर गेली आणि पाखाडीवर झुकली. वाटेतली त्रासाची वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपणच मुलांना शिकवतो. आणि शेजारच्या दादींची ओढणी रोज आमच्याच फांदीत अडकत होती.

धाकट्या भावाने सुट्टीवर आल्यावर मुंबईहून विजेवर चालणारी वई कापायची मशीन आणली. काम झपाट्याने झाले. परत जाताना त्याने पात्यांना भरपूर खोबरेल चोपडले आणि मशीन पडवीत टांगली. पावसाळा गेल्यावर काढली तेव्हा तेलाखाली तांबडे ठिपके दिसले. मी पाहिले आणि सोडून दिले, ही चूक माझी. दहा मिनिटांत पाती अडकली. मशीन भाच्याच्या हातात होती. माझा मुलगा पिन न काढताच मधली काटकी ओढू लागला, तेवढ्यात बटण दाबले गेले. दोन बोटांना सात टाके पडले. बोटे वाचली, अल्हमदुलिल्लाह.

तेल लावूनही गंज कसा आला? याचे उत्तर मी दरवर्षी वर्गात देत असते! गंजाच्या प्रयोगात एका परीक्षानळीत खिळा, पाणी आणि वर तेलाचा थर असतो. तो खिळा गंजत नाही, पण ते पाणी आधी उकळून त्यातली हवा काढलेली असते. मुले हे हमखास विसरतात. मीही घरी विसरले. आमच्या पात्यांवर पाल्याचा ओलावा होता, एरंडाचा चीक होता आणि खाडीवरच्या वाऱ्याने आणलेले मीठ होते. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि गंजाला वेग देते. त्यावर तेल चोपडणे म्हणजे ओल आणि मीठ आत कोंडणे.

म्हणून आता काम संपले की पहिल्यांदा पिन काढायची, बॅटरीची असेल तर बॅटरी. जाड हातमोजे घालायचे. जुन्या दातघासणीने दातांमधला पाला झाडायचा. चीक सुकून काळा पडला असेल तर फडक्याला थोडे रॉकेल लावून पुसायचा, चुलीपासून लांब. पेट्रोल नको. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मीठ पुसायचे आणि लगेच कोरड्या फडक्याने ओल टिपायची. मशीनवर पाणी ओतायचे नाही, आत मोटर आहे. पाती अर्धा तास उन्हात ठेवली तर उत्तम. तेल त्यानंतर.

तेल शिलाई मशीनचे. ते पातळ असल्याने दोन पात्यांच्या फटीत शिरते. खोबरेल डिसेंबरच्या थंडीत थिजते. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरते. फटीच्या लांबीभर थेंब सोडून मशीन काही सेकंद रिकामी चालवली की तेल सगळीकडे पसरते. मग पुन्हा पिन काढून वरचे जास्तीचे तेल पुसून घ्यायचे. मोठ्या कामात मध्ये एकदा थांबून तेल दिले तर पाती तापत नाहीत. हाताच्या कात्रीला आणि कोयत्यालाही हाच क्रम.

तुमच्या वईला शेर असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. ते फडके नंतर मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आणि ईदच्या आधी वई कापणार असाल तर हातांवर लावायचा मेंदीचा पाला मुलींना आधीच खुडून घेऊ द्या. मशीनखाली पडलेल्या पानांना रॉकेल आणि तेल लागलेले असते.