अर्धा अँटेना मातीत

दिवाळी आली की नाशिकची हवा कोरडी होते, परतीच्या पावसाचा गडगडाट थांबतो आणि कमी फ्रिक्वेन्सीवर जीव जडलेल्या हॅम मंडळींचा हंगाम सुरू होतो. १६०, ८० आणि ४० मीटर हे आमचे पट्टे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दूर खानदेशावर जमले तरी हेडफोनमध्ये नुसता कडकडाट भरतो. डिसेंबरात तेच पट्टे असे निवळतात की पहाटे युरोपातल्या एखाद्या गावाहून शंभर वॉटवर पाठवलेला मोर्स निफाडच्या शेतात स्पष्ट ऐकू येतो. दिवसा वातावरणाचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो. सूर्योदय जवळ येतो तेव्हा आपल्याकडे हा थर अजून जमलेला नसतो आणि तिकडे युरोपात काळोखी रात्र असते. त्या संधिकाळातला अर्धा तास मी वर्षानुवर्षे जपत आलो आहे.

हॅम म्हणजे कमाईसाठी नव्हे तर हौसेखातर वायरलेस चालवणारा परवानाधारक. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉल साइन मिळते. किल्लारीच्या भूकंपात, भूजला, २००४च्या त्सुनामीनंतर अंदमानात या मंडळींनी संपर्क सांभाळला, हे बहुतेकांनी वाचलेले असते. म्हणून मी थेट तारेकडे वळतो.

१४३ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ला २० मीटर, ३.६ला जवळजवळ ४०, आणि १.८४ला तब्बल ७८ मीटर. वीस मीटरची तार बंगल्याच्या गच्चीवर आरामात मावते. मध्ये एक पाइप उभा करायचा, त्याच्या टोकापासून दोन्ही कोपऱ्यांकडे दोन तारा उतरवायच्या, की झाला ‘इन्व्हर्टेड व्ही’. नव्या हॅमने सुरुवात याच अँटेनाने करावी.

४० मीटरचा पट्टा म्हटला की मला हटकून १९४२ आठवते. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेला भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलायचा. हिशेब करा : साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या आमच्या पट्ट्याच्या अगदी आत. महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले होते, आणि ट्रान्समीटर उभारणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी वायरलेसवालेच. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी अखेर धाड पडली. या प्रकरणावर लिहिणारे आवाजाबद्दल आणि बातम्यांबद्दल लिहितात, माझे मन मात्र तारेकडे जाते. ४२ मीटरच्या अर्ध्या लहरीला वीस-एकवीस मीटर तार पुरते. एवढी तार कपडे वाळत घालायच्या तारांमध्ये गच्चीवर खपून जाते आणि घाईने गुंडाळता येते. ८० मीटरवर हा सारा खटाटोप जमला नसता, असे माझे ठाम मत आहे.

८० आणि १६०ला गच्ची संपते. चार मजली इमारतीवर बारा-तेरा मीटर उंचीवर ८० मीटरची आडवी तार लावली तर तिची बहुतेक शक्ती सरळ आकाशात जाते आणि तिथून परतून आसपासच्या चार-पाचशे किलोमीटरमध्ये उतरते. संध्याकाळी नागपूर-कोल्हापूरशी गप्पा मारायला ती उत्तम. समुद्रापार जायचे तर लहर क्षितिजालगत निघायला हवी, आणि त्यासाठी आडवी तार ४० मीटर उंच हवी. तेवढा मनोरा कुणाकडे असतो? म्हणून उभी तार. १६०साठी पाव लहर म्हणजे ३९ मीटर. त्यातली १५ मीटर बांबूच्या किंवा पाइपच्या आधाराने वर न्यायची आणि उरलेली २४ मीटर आडवी ताणायची. याला आम्ही उलटा ‘एल’ म्हणतो. पेठ-सुरगाण्याकडचे जाड बांबू एकात एक जोडून, तीन पातळ्यांवर ताण देऊन हे सहज उभे राहते.

इथून माझा खरा विषय सुरू होतो. उभ्या अँटेनात जो विद्युतप्रवाह वर चढतो, त्याला परतीची वाट लागते. ती वाट मातीतून जाते आणि माती तिचा कर वसूल करते. १५ मीटर उभ्या तारेचा प्रारण-रोध १६०वर साधारण ११ ओहम असतो. शक्ती हवेत जाते ती या ११ ओहममधून. आता समजा मातीचा रोध ३९ ओहम आहे. बेरीज ५० झाली, केबलही ५० ओहमची, मीटरवर एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना यांची जुळणी दाखवणारा आकडा) एकास एक. नवखा आनंदाने नाचू लागतो. प्रत्यक्षात शंभरातले ७८ वॉट मातीत उष्णता होऊन गेलेले असतात! तो गांडुळांना ऊब देतो आहे, जर्मनीला संदेश नाही.

मग जमिनीवर तारा पसरायच्या, अँटेनाच्या बुडापासून चहूकडे. यांना रेडियल म्हणतात. दहा टाकल्या, वीस टाकल्या, मातीचा रोध उतरत ११ ओहमवर आला. आता एकूण २२, आणि एसडब्ल्यूआर बिघडून २.३! बरेच जण इथे घाबरतात आणि रेडियल उपटतात. पण आता पन्नास वॉट हवेत जात असतात, पूर्वीच्या दुपटीहून जास्त. जुळवणीसाठी बुडाशी फेराइटच्या कड्यावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की केबलही सुखी. मीटरची सुई म्हणजे अँटेनाची प्रकृती नव्हे, हे मी भेटेल त्या नव्या हॅमला सांगतो.

किती रेडियल? अमेरिकेत जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या आरसीए कंपनीतल्या सहकाऱ्यांनी १९३७ साली मोजमापे प्रसिद्ध केली, त्यातूनच मध्यम लहरींच्या केंद्रांसाठी १२० तारांचा दंडक रूढ झाला. हौशी माणसाला तेवढ्या नकोत. जमिनीवर पडलेल्या तारेची लांबी काटेकोर कापायचीही गरज नाही, कारण माती तिचा सूर मोडूनच टाकते. तीनशे मीटर तार हाताशी असेल तर आठ लांब रेडियलपेक्षा पंधरा मीटरच्या वीस टाकाव्यात. प्रवाह बुडाजवळ दाटलेला असतो, तिथेच तारा दाट हव्यात. मोटार वाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार उत्तम, पण शेतात तांबे राहत नाही. पंपाची केबल जिथे चोरीला जाते तिथे रेडियल कशी टिकेल? प्लास्टिक आवरणाची ॲल्युमिनियमची तार बरी.

मातीही सगळीकडे सारखी नाही. इगतपुरी-त्र्यंबकला मुरमाखाली लगेच बेसॉल्ट लागतो, तिथे मातीवर विसंबूच नये. निफाडची काळी, ओल धरणारी जमीन त्यापेक्षा पुष्कळ उदार. पण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, आणि ताणून पुरलेली तार भेगेच्या तोंडाशी तुटते. म्हणून रेडियल सैल टाकावी, पुरू नये, लोखंडी आकड्यांनी जमिनीला खिळवावी. दोन पावसाळ्यांत गवत तिला आपोआप झाकते.

आमच्या जिल्ह्याचे वेगळेपण म्हणजे द्राक्षबागा. मांडवाच्या गॅल्व्हनाइज्ड तारांचे जाळे एकरभर पसरलेले पाहून हॅमच्या तोंडाला पाणी सुटते : आयती जमीनच! निफाड तालुक्यातल्या एका बागाईतदार मित्राकडे मी हा प्रयोग पाहिला आहे. मांडवाच्या तारा अँटेनाच्या बुडाशी जोडल्यावर पाठवणे सुधारले, ऐकणे मात्र बिघडले. गंजलेला प्रत्येक सांधा डायोडसारखा वागतो आणि भलत्याच फ्रिक्वेन्सींची भेसळ करतो. माझ्या मते मांडव मोकळा सोडावा आणि अँटेना बागेपासून लांब, बांधावर उभारावा. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, त्यांचा त्रास नाही.

ऐकण्यासाठी निराळी तार. हॅरॉल्ड बेव्हरेज यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अँटेना जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, दीड-दोनशे मीटर सरळ धावतो. लांबच्या टोकाला साडेचारशे-पाचशे ओहमचा रोध लावून तो जमिनीत उतरवायचा. ज्या दिशेला हा रोध, त्या दिशेचे ऐकू येते. नाशिकहून लंडन उत्तरेपासून पश्चिमेकडे ४२ अंशांवर, न्यूयॉर्क जेमतेम २६ अंशांवर, तर टोकियो पूर्वेकडे ६० अंशांवर. वायव्येकडे धावणारा बांध ज्याच्या शेतात असेल तो भाग्यवान. बेल्जियमचे जॉन डेव्होल्डेर यांनी या पट्ट्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. पण त्यांना झटका मशीन भेटले नसावे. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला तो झटका सेकंदाला एकदा कानात टक् करतो. सोलर पंपाचे कंट्रोलर, स्वस्त एलईडी माळा यांचा गोंगाट वेगळा. वीज गेली की अख्खा पट्टा शांत होतो, म्हणून बॅटरी भरलेली ठेवावी. गोंगाटावरून आठवले : नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावहून खोडदला वळलात तर त्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश विखुरलेल्या आहेत. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण तिथे उभारली, कारण त्या भागात रेडिओचा गोंगाट कमी होता. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती लोकांना पाहता येते. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून केलेल्या त्या डिश मी पाहत उभा राहतो.

येवल्याचाही उल्लेख हवाच. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांच्या आसाऱ्या फिरतात आणि सारे गाव गच्चीवर असते. मार्कोनींनी डिसेंबर १९०१मध्ये न्यूफाउंडलंडला दीडशे मीटर तार पतंगानेच वर नेली होती. येवल्याबाहेरच्या मोकळ्या माळावर, विजेच्या तारांपासून खूप दूर, मोठ्या पतंगाला ३९ मीटर बारीक तार बांधून आम्ही १६० मीटर चालवला आहे. पतंग हलतो तसा सूर हलतो. कोरड्या हवेत तारेवर स्थिर विद्युत साठते, म्हणून बुडाशी जमिनीला जोडलेली कॉइल हवीच, नाहीतर रेडिओ जळतो.

देखभालीचे वेळापत्रक मृगाआधीचे. नायलॉन दोर उन्हाने ठिसूळ होतो, दोन वर्षांनी बदलावा. केबलच्या टोकाला रबरी चिकटपट्टी गुंडाळून खाली एक वळसा सोडावा, म्हणजे पाणी तिथून गळून जाते, आत शिरत नाही. खारी केबल कुरतडतात, ती पाइपातून न्यावी. तांबे आणि गॅल्व्हनाइज्ड तार थेट जोडू नये, सांधा वर्षात पांढरा पडतो. गडगडाट सुरू होण्याआधी केबल घराबाहेरच काढून जमिनीला जोडावी.

निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या शेतकरी वाचकांना एक विनंती. यंदाच्या थंडीत एखादा परवानाधारक हॅम बांधावर तार लावू का विचारायला आला, तर त्याला जागा द्या. त्याचा परवाना पाहून घ्या, तार विजेच्या खांबांपासून दूर आहे ना ते बघा, आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी सगळे गुंडाळायला सांगा.