भंगारातल्या मॉनिटरपासून प्रोजेक्टर बनतो का? बनतो, पण रीलमध्ये दाखवतात तसा नाही

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. बुटांचा खोका, त्याला गोल भोक, भोकात भिंग आणि आत उभा केलेला मोबाईल. लाइट बंद होते आणि पुढच्याच सेकंदाला समोरच्या भिंतीवर झकपक सिनेमा चालू. खाली कमेंट्सचा पाऊस, "दादा, भिंगाची लिंक द्या."

आम्ही पाच जणांनी रूमवर हे करून पाहिलं. बॉक्स चिकटवला, भिंग बसवलं, मोबाईलचा ब्राइटनेस फुल केला, लाइट घालवली. भिंतीवर जे उमटलं ते बघून एक जण म्हणाला, "भिंतीला ओल आलीये का रे?"

त्यात सबटायटल्सची अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी. खरं तर हीच खोटं रील ओळखायची खूण आहे. भिंगातून जाताना चित्र डोक्यावर उलटं होतं. ते सरळ करायला मोबाईल उलटा ठेवला की डावं-उजवं उलटतं. त्यामुळे चित्र मिरर करणारं ॲप न वापरताही रीलमध्ये भिंतीवरची अक्षरं सरळ वाचता येत असतील, तर समजायचं की कारागिरी भिंगाची नाही, एडिटिंगची आहे.

पण मग घरी प्रोजेक्टर बनतच नाही का? तर बनतो. त्यासाठी मोबाईल नाही, भंगारात पडलेला जुना एलसीडी मॉनिटर लागतो. आणि हा जुगाड का चालतो, कुठे फसतो आणि कुठे जिवावर बेतू शकतो, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

आधी थोडं कल्याणला जाऊन येऊ

ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला ती तारीख ७ जुलै १८९६. त्याच दशकात, त्याच्याही आधीपासून, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. रामायण-महाभारतातल्या गोष्टी लोक अंधारात बसून बघायचे.

दिवा, काच, भिंग. प्रोजेक्टर म्हणजे मुळात एवढंच.

आता मॉनिटरकडे बघा. एलसीडी मॉनिटरची काच स्वतः प्रकाश देत नाही. मागे बॅकलाइट असते, तिचा प्रकाश काचेतून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. काचेतला प्रत्येक ठिपका एवढंच ठरवतो की किती प्रकाश आणि कोणत्या रंगाचा पुढे सोडायचा. म्हणजे ही पटवर्धनांच्याच काचेची पुढची पिढी. फरक इतकाच, की हिच्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं.

मागची बॅकलाइट काढली, तिथे जबरदस्त दिवा ठेवला आणि पुढे भिंग लावलं, की झाला प्रोजेक्टर. १९८० च्या दशकाच्या शेवटी कंपन्या स्वतःच ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे एलसीडी पॅनल विकायच्या. कॉलेजमध्ये सर पारदर्शक कागद ठेवून शिकवायचे ना, तोच ओएचपी. पुढे एलसीडी मॉनिटर स्वस्त झाले आणि हौशी लोकांनी तेच तंत्र घरी आणलं.

भंगारातला कोणता मॉनिटर घ्यायचा?

इथे गंमत आहे. मॉनिटर भंगारात जातो तो बऱ्याचदा बॅकलाइट गेली म्हणून. मालकाला वाटतं स्क्रीनच गेली. पण आपल्याला बॅकलाइट नकोच आहे!

मग ओळखायचं कसं? मॉनिटर कॉम्प्युटरला जोडायचा, चालू करायचा आणि काळ्या दिसणाऱ्या स्क्रीनवर टॉर्च तिरका मारायचा. आत पुसटसं चित्र दिसलं, तर पॅनल जिवंत आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारवाला काही कॉम्प्युटर जोडून देणार नाही, त्यामुळे रिपेअरिंगवाल्याकडून टेस्ट करून घेतलेला बरा.

साइज पंधरा इंची, जुना चौकोनी. पॅनल मोठा झाला की पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे भिंगं, बॉक्स, दिवा, मोठी लागते. आणि जुन्या टीव्हीसारखा मागे फुगीर सीआरटी मॉनिटर अजिबात घ्यायचा नाही. त्यात काढून घेण्यासारखी काच नसते आणि आत साठलेलं व्होल्टेज जीवघेणं असतं.

बॉक्सच्या आत काय काय लागतं?

पहिला दिवा. पूर्वी लोक ४०० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे वापरायचे, आता १०० वॉटची एलईडी चिप वापरतात. दिसायला छोटी, पण सोबत तिचा ड्रायव्हर, जाड ॲल्युमिनियमची हीटसिंक आणि पंखा लागतोच. उघडी चालू केली तर तिच्याकडे थेट बघायचं नाही.

दुसरी फ्रेनेल भिंगं, दोन. नाव अवघड असलं तरी वस्तू साधी आहे. गोलगोल रेघा असलेला पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी ही युक्ती काढली. जाड भिंगाचं काम पातळ पत्र्यात. ओएचपीच्या काचेखाली हीच असते. पहिली फ्रेनेल दिव्याचा फाकलेला प्रकाश सरळ करून पॅनलवर टाकते. पॅनलमधून आलेला प्रकाश दुसरी गोळा करते आणि पुढच्या भिंगाकडे पाठवते. ही दोन भिंगं नसतील तर भिंतीवर मध्ये उजेड आणि कडेला अंधार.

तिसरं पुढचं भिंग. साधं भिंग चालतं, पण कडा धूसर होतात आणि रंगाच्या झालरी दिसतात. तीन भिंगांचं ट्रिप्लेट मिळालं तर उत्तम.

पॅनल बॉक्समध्ये ठेवताना त्याचं तोंड दिव्याकडे आणि डोकं खाली, म्हणजे भिंतीवर सगळं सुलट येतं. शिवाय मॉनिटरवर चकाकी मारू नये म्हणून खरखरीत थर असतो, तो प्रकाश विखुरतो आणि चित्र धुक्यातलं वाटतं. काही जण ओला कागद तासन् तास ठेवून तो थर सोलतात. पण सोबत खालची पोलरायझरची फिल्म निघाली तर चित्रच गायब. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात याच्या नादी न लागलेलं बरं.

भिंतीपासून किती लांब ठेवायचा?

दहावीच्या पुस्तकातलं भिंगाचं सूत्र आठवतंय? 'याचा आयुष्यात कुठे उपयोग होणारे?' असं विचारलं होतं ना, तर इथे होतो.

समजा भिंगाचं नाभीय अंतर ३२ सेंटीमीटर आहे आणि पंधरा इंचांचं चित्र पाचपट करून पंचाहत्तर इंच करायचंय. मग पॅनल भिंगापासून सुमारे ३८ सेंटीमीटरवर आणि भिंत १९२ सेंटीमीटरवर. म्हणजे दोन मीटरच्या आत काम झालं, दहा बाय दहाच्या खोलीत आरामात बसतं.

पण खरी लढाई उजेडाची

आमचा खोका का फसला, याचं उत्तर इथे आहे. चित्र मोठं करणं सोपं आहे, उजेड पुरवणं अवघड.

एलसीडी पॅनल प्रकाश खातो. प्रचंड खातो. पोलरायझर निम्म्याहून जास्त गिळतो, उरलेल्यातला मोठा वाटा रंगांचे फिल्टर घेतात. शंभर भाग प्रकाश आत सोडला तर पलीकडे पोचतात जेमतेम पाच-सात.

ढोबळ हिशेब करू. १०० वॉटची चांगली एलईडी साधारण ९,००० ल्युमेन देते. त्यातला एक तृतीयांश फ्रेनेलने पकडला, म्हणजे ३,०००. पॅनलमधून पार झाले १८०. पुढच्या भिंगातून भिंतीवर पोचले दीडशेच्या आसपास. आणि हे दीडशे पसरायचे कुठे? चित्र पाचपट रुंद आणि पाचपट उंच झालं, म्हणजे क्षेत्रफळ पंचवीसपट. तोच उजेड पंचवीसपट जागेत वाटला जातो.

भिंतीवर पडणारा हा उजेड साध्या ट्यूबलाइटच्या खोलीतल्या उजेडापेक्षाही कमी भरतो. त्यामुळे ट्यूब लावली की चित्र पुसलं जातं. खिडक्या झाकून, रात्री, पूर्ण अंधारात मात्र मस्त दिसतं. मोबाईलच्या बाबतीत तर सुरुवातच इतक्या कमी उजेडाने होते की शेवटी भिंतीवर ओलच उरते.

आणि गिळलेला प्रकाश जातो कुठे?

उष्णतेत. आमचा पहिला पॅनल असाच गेला. पंखा लावला होता, पण फक्त दिव्याला. वीस मिनिटांनी चित्राच्या मधोमध काळा डाग आला. पॅनल ठराविक तापमानापुढे गेला की आतले लिक्विड क्रिस्टल आपली रचना सोडतात आणि तेवढा भाग काळा पडतो. तेव्हाच बंद केलं असतं तर थंड झाल्यावर डाग गेला असता. आम्ही म्हणालो, 'एवढी ओव्हर संपू दे.' ओव्हर संपली, पोलरायझरही संपला. करपलेला पोलरायझर परत येत नाही.

म्हणून पंखे दोन हवेत. एक दिव्याच्या हीटसिंकवर आणि एक पॅनलच्या पृष्ठभागावरून हवा वाहती ठेवायला. बॉक्स पुठ्ठ्याचा करायचा नाही.

हे वाचल्याशिवाय स्क्रू खोलू नका

मॉनिटरच्या पॉवर बोर्डावर एक जाडजूड कपॅसिटर असतो. आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवर तो सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि पिन काढल्यावरही काही वेळ चार्ज राहू शकतो. बॅकलाइटचा इन्व्हर्टर त्याहून जास्त व्होल्टेज बनवतो. इलेक्ट्रॉनिक्सचं काम येत नसेल, तर हा भाग रिपेअरिंगवाल्याकडूनच करून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइटमध्ये पेन्सिलीहून बारीक ट्यूब असतात. त्यात पारा असतो. फोडायच्या नाहीत, कचऱ्यात टाकायच्या नाहीत, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यायच्या. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

पॅनलच्या कडेच्या पातळ फिती जपा. एक तुटली की पडद्यावर कायमची उभी किंवा आडवी पट्टी. आणि काही मॉनिटर बॅकलाइट काढली की दोन सेकंदांत काळे होतात. ती बिघाडाची खूण नाही, ते त्यांचं सुरक्षा सर्किट आहे. तिथेही रिपेअरिंगवालाच लागतो.

मग करायचा की नाही?

फक्त मॅच बघायला स्वस्तात प्रोजेक्टर हवा असेल, तर नका करू. दिवा, ड्रायव्हर, दोन फ्रेनेल, भिंग, पंखे, एक-दोन चुका, असं धरलं तर सेकंडहँड तयार प्रोजेक्टरच्या जवळ बिल जातं. वर हा टीव्हीच्या खोक्याएवढा मोठा आणि पंख्याचा आवाज वेगळाच.

पण मॉनिटर फुकटात पडलेला असेल, कॉलेजचा मोडीत काढलेला ओएचपी मिळत असेल, तर गणित बदलतं. दिवा, फ्रेनेल, पंखा, भिंग सगळं त्यात आयतं असतं. पॅनल त्याच्या काचेवर ठेवायचा, खालून हवा जाईल इतकी फट ठेवायची. पंधरा इंची पॅनल काचेपेक्षा किंचित मोठा निघतो आणि कडा थोड्या कापल्या जातात, तेवढं चालवून घ्यायचं.

आमचा दुसरा पॅनल अजून चालू आहे. रविवारी रात्री खिडकीला चादर लावतो, भिंतीवर सिनेमा लावतो. भिंतीजवळ गेलं की ठिपके मोजता येतात, मागे बसलं की दिसत नाहीत. जागेवरून उठून कोणी मध्ये आला की सगळे ओरडतात, "ए, खाली बस!"

तुमच्या माळ्यावरही एखादा काळा पडलेला मॉनिटर असेल. भंगारात देण्याआधी एकदा कॉम्प्युटरला जोडा आणि टॉर्च मारून बघा. तेवढ्याला तर काही खर्च नाही.