अ‍ॅस्पिरिनचे मूळ झाडात आहे, मग झाडपाल्याने तिचे काम का होत नाही?

स्टेंट बसवलेले रुग्ण तपासणीला येतात, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण हळूच सांगतात, "डॉक्टर, ती छोटी पांढरी गोळी मी मधे बंद केली होती. केमिकल किती दिवस घ्यायचे? त्याऐवजी झाडपाल्याचा काढा घेतोय." त्याच घरातल्या आजी गुडघ्यांना दिवसातून तीनदा गंधपुरा तेल चोळत असतात, कारण ते नैसर्गिक आहे. खरे तर ही गोळी आणि हे तेल एकाच कुळातले. दोन्हींच्या मुळाशी सॅलिसिलिक आम्ल आहे. हे आम्ल झाडे स्वतःच्या बचावासाठी तयार करतात. हे समजले, तर गोळी कधी थांबवायची नाही आणि तेल कुठे ठेवायचे नाही, हेही लक्षात राहील.

झाडाला संसर्ग होतो तेव्हा

झाडाला आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी नसतात आणि आजार आला म्हणून त्याला जागाही सोडता येत नाही. त्याचा बचाव रसायनांवर चालतो. यातली काही रसायने संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, म्हणून काम करतात. पाणी कमी पडले की अ‍ॅबसिसिक आम्ल वाढते, पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि ओल टिकते. अळीने पान कुरतडले की जॅस्मोनिक आम्ल वाढते. मग झाड असे पदार्थ बनवते की अळीला ते पान नीट पचत नाही. विषाणू, काही बुरशी किंवा जिवाणू शिरले की मुख्य काम सॅलिसिलिक आम्लाकडे येते. एका पानाला लागण झाली, तरी काही दिवसांत झाडाची निरोगी पानेही प्रतिकाराला तयार होतात.

१९७९ साली इंग्लंडमध्ये आर. एफ. व्हाइट या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचली. त्या पानांनी तंबाखूवरच्या मोझेक विषाणूला चांगला प्रतिकार केला. (हे वाचून कुंडीत गोळ्या टाकू नका. मात्रा जास्त झाली तर रोपही करपते.)

आणखी एक साम्य आहे. झाडाचे जॅस्मोनिक आम्ल आणि आपल्या शरीरातील प्रोस्टाग्लँडिन ही दोन्ही मेदाम्लांपासून बनतात, आणि दोन्हींची कामे इजा झाल्यावर सुरू होतात. अ‍ॅस्पिरिन दोन्हीकडे अडथळा आणते. टोमॅटोच्या रोपाला अ‍ॅस्पिरिन दिली, तर जखमेनंतरची त्याची प्रतिक्रिया मंदावते. आपल्याला दिली, तर दुखणे, ताप आणि सूज कमी होते. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साल आणि गोळी यांतला फरक

विलो, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातले झाड. त्याच्या सालीचा तापावर उपयोग होतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मगुरूने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले होते. सालीतल्या सॅलिसिनचे शरीरात सॅलिसिलिक आम्ल होते. पुढे शुद्ध सॅलिसिलिक आम्लही औषध म्हणून दिले जाऊ लागले, पण त्याने पोटात फार जळजळ व्हायची. १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याला अ‍ॅसिटिल नावाचा एक छोटा गट जोडला गेला आणि १८९९ पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले.

काढा घेणाऱ्या काकांसाठी हा छोटा गटच महत्त्वाचा आहे. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये गुठळीला मदत करणारे एक एन्झाइम असते. अ‍ॅस्पिरिन हा अ‍ॅसिटिल गट त्या एन्झाइमला चिकटवते आणि ते कायमचे बंद पाडते. प्लेटलेट साधारण ७ ते १० दिवस जगते, तेवढा काळ ती दुबळीच राहते. म्हणून ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळी पुरते. झाडातल्या सॅलिसिलिक आम्लाला हे जमत नाही, कारण तो गट त्याच्याकडे नाही. साल उकळून प्यायल्याने दुखणे थोडे कमी होईलही, स्टेंटमधली गुठळी थांबणार नाही.

त्यामुळे हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर दिलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळी चालू ठेवायची का हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. शौच डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा. उलट बाजूही सांगतो. शेजाऱ्याला दिली आहे म्हणून निरोगी माणसाने ही गोळी सुरू करू नये. रक्तस्रावाचा धोका फुकट ओढवून घेतल्यासारखे होते.

पावसाळ्यात तापावर अ‍ॅस्पिरिन नकोच. तो डेंग्यू असेल, तर रक्तस्राव वाढतो. मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन दिल्यास क्वचित रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होतो. ताप उतरवायला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल द्या. दमा असलेल्या काहींना अ‍ॅस्पिरिनने धाप लागते. असे पूर्वी झाले असेल, तर प्रत्येक डॉक्टरांना सांगा.

घरातली बाटली

गंधपुरा तेल जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असते. शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, साधारण ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन एकदम गिळल्यासारखेच हे आहे. रांगत्या मुलाचा जीव जायला एवढे पुरते, आणि वास गोड असल्याने मूल बाटली तोंडाला लावते. आजींची बाटली उशाशी नको, कुलपात हवी. मुलाच्या पोटात हे तेल गेले तर उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका, बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा. उलट्या, कानात गुणगुण, जोरजोरात श्वास आणि गुंगी ही विषबाधेची लक्षणे आहेत.

हे तेल किंवा त्याचा बाम त्वचेतून रक्तात जातो. वॉरफरिन घेणाऱ्यांनी तो रोज मोठ्या भागावर चोळला, तर रक्त अधिक पातळ होऊ शकते. बाम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, शोषण वाढते आणि कातडीही भाजते.

कुरूप काढायच्या पट्टीतही हेच आम्ल असते, ते जाड कातडी विरघळवते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर ही पट्टी वापरू नका. निरोगी कातडीही गळते, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि रुग्ण येतो तेव्हा तिथे जखम झालेली असते.